ताणलेली दोरी

"सरळ रेष ओळखणारे जगात तिघेच. देव, ओळंबा आणि मी," असं फरशीचे मिस्त्री चारचौघांत सांगत. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या मुलाकडून एकाच न्हाणीघराची फरशी तीनदा उखडून घेतली होती. चौथ्यांदा मुलाने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. सांधा शेवटपर्यंत दोरीला चिकटलेला.

"आता बोला, बाबा."

मिस्त्री गुडघ्यांवर बसून बघत राहिले. "दोरी वाकडी आहे," म्हणाले.

ताणलेली दोरी वाकडी असू शकते, हा शोध या धंद्यात नवाच होता. मुलाने वाद घातला नाही. हात धुतले आणि बापाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी चौकटींचा कागद पुढे धरला. मधोमध ठिपका. "उजवा डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. काय दिसतं?"

"मधल्या चार ओळी फुगल्यात. उखडायला लागतील. कुणाचं काम?"

"छापखान्याचं."

"हात बसलेला नाही त्याचा."

मुलगा खुदकन हसला. बाईही हसल्या. "आता डावा झाका."

"मधल्या लाद्या कुठायत?" मिस्त्री म्हणाले. "बसवायच्याच राहिल्यात की."

मग कोणी हसलं नाही.

डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवलं, आतल्या पडद्याचे फोटो काढले. शेवटी बाईंनी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेड टाकून स्वतः पाहिलं आणि तिथूनच बोलायला लागल्या.

"उजव्या पडद्यावर मधोमध वण आहे, जुना. तो डोळा आता कडेकडेचंच बघणार. डाव्याने सांभाळून घेतलं म्हणून इतके दिवस कळलं नाही. आता डाव्यातही पडद्याखाली पाणी झिरपतंय, म्हणून रेषा वाकतात. दर महिन्याला इंजेक्शन देऊन ते थोपवून बघू."

"दंडात?" मुलाने विचारलं.

"डोळ्यात."

"आणि काम?"

"आहे तेवढी नजर टिकली तरी खूप. सांधे आता तुम्ही जुळवा," बाई मुलाला म्हणाल्या.

मिस्त्रींना काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे लक्षात आलं. पण ते दुसऱ्याच कुणाला सांगितलेलं काम असावं, तसं बाजूला पडून राहिलं.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मिस्त्री दातांतल्या दातांत म्हणाले. "बाई, हनुवटी उचलू का आता?"