परतीचं दृश्य

नवरा गेल्यावर ओदील केरब्राने कात्री ठेवून दिली, ती पुन्हा उचलायची नाही असा पण करून. तो स्वतःशीच केलेला, त्यामुळे मोडला तरी जाब विचारणारं कुणी नव्हतं. तरी दोन हिवाळे तो टिकला. ब्रिटनीतल्या सार्डिनच्या बंदरातून ती ऐन तारुण्यात पॅरिसजवळच्या एका फिल्म-प्रयोगशाळेत आली होती आणि पांढरे हातमोजे घालून निगेटिव्हचे तुकडे जोडायला लागली होती. ‘इथं फिल्म चिकटवायची हं, खवले काढायचे नाहीत,’ असं तिथली मुकादमीण पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या, ओदीलसुद्धा. पुढे ती मदतनीस झाली, मग संकलक. किती नावाजलेल्या दिग्दर्शकांचे फसलेले चित्रपट तिने बंद खोलीत निमूट सावरले. पडद्यावर तिचं नाव यायचं तेव्हा प्रेक्षक अजून आपापली खुर्ची शोधत असायचे, आणि तिला त्याची खंत नव्हती.

लेस्क्यूर तिच्या दारात आला तो पावसाळी टोपी हातात चुरगाळत. तिच्या हाताखालून गेलेल्या दिग्दर्शकांपैकी हा एकच तिला अरेतुरे करणारा.

“मिरेय गेली, ओदील.”

“वाचलं मी. गाडी वळणावर घसरली म्हणे.”

“माझ्या चित्रपटात तिचं आठवड्याचं काम राहिलं होतं गं. घर सोडून जाते, ते सगळं आहे. परत येते, ते नाही. निर्माता म्हणतो, जाण्यावरच संपव, आधुनिक दिसेल.”

“दिसेलही.”

“आणि पोराला टाकून गेलेली बाई, एवढीच तिची आठवण राहील. तिला परत आण तू.”

“मी काय जादूगार आहे?”

“जादूगार असतीस तर जिन्याने चार मजले चढवलेच नसतेस मला.”

ती कितीतरी दिवसांनी हसली. सोमवारी ती बिलांकूरच्या स्टुडिओतल्या संकलनाच्या खोलीत होती, आणि तिची जुनी मदतनीस गिलेन, कुरकुर करण्यात तिचा हात कुणी धरला नसता, उरलेल्या फिल्मचे तुकडे कापडी टोपलीवरच्या खिळ्यांना टांगत होती.

जाणारी मिरेय क्षणभर मागे वळून पाहील तर पुढचा मार्ग निघेल, असं ओदीलला वाटत होतं. तसा तुकडा नव्हता. मग एका सकाळी तो होता. खिडकीतून वळणारा मिरेयचा चेहरा, अगदी हवा तेवढाच. नजरेतून सुटला असेल, असं म्हणून तिने तो जोडला. या धंद्यात असं होतं. मात्र त्यानंतर तिला बंदराच्या पायऱ्या उतरणारी मिरेय हवी होती, तर तीही मिळाली. धक्क्यावर थांबणारी हवी होती, तर तीही.

लेस्क्यूरने ते तुकडे यंत्राच्या इवल्या पडद्यावर पाहिले, मग मागे फिरवून पुन्हा पाहिले.

“हा कोट कुठला?” त्याने विचारलं. “असा कोट आम्ही घेतलाच नव्हता.”

“बरा दिसतोय तिला.”

“ओदील, पायऱ्यांवर आम्ही कॅमेरा लावलाच नाही.”

गिलेन हात पुसत दारातून म्हणाली, “मादाम, मी काही विचारत नाही. पण हे मी टांगलेलं नाही, एवढं सांगून ठेवते.”

“मीही नाही.”

“मग कॉफी करते,” गिलेन म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

ओदील घाबरली नाही. त्याचंच तिला नवल वाटलं. नवरा गेल्यापासून जी जागा आत ओसाड पडली होती, तिथे कुणीतरी दिवा ठेवून जावं तसं तिला सकाळी उठताना वाटू लागलं होतं. कामावर जाताना ती पाव चघळत चालायची आणि रस्त्यातल्या मांजरांशी बोलायची. फक्त एक गोष्ट तिने लेस्क्यूरला दाखवली नाही. धक्क्यावरच्या मिरेयच्या कानशिलाशी केस पांढरे झालेले होते.

चित्रपट पुरा झाला. पहिला खेळ द्येप बंदरात ठेवला होता, कारण तिथल्या बाजारात मिरेयची आई मासे विकत असे. म्हातारी पहिल्या रांगेत ताठ बसून होती. पडद्यावर मुलगी पायऱ्या उतरून घराकडे परतली तेव्हा थिएटरात कुणी नाक ओढलं, कुणी खाकरलं. म्हातारी हललीसुद्धा नाही. बाहेर आल्यावर तिने ओदीलला बाजूला घेतलं.

“तुम्हीच जोडलंय ना हे? माझे केसही असेच पांढरे व्हायला लागले होते, चाळिशीत. कानापासून.”

ओदीलने मान डोलावली.

“माझी पोर चौतिशीत गेली, बाई.”

“हो.”

“म्हणजे तिकडे ती अजून जगतेय, वय वाढतंय तिचं. दिवस चांगले जातायत, चेहऱ्यावरून कळतं की.” म्हातारीने रुमालाने चेहरा खसाखसा पुसला. “शेवटी ती कुणाकडे तरी बघून हसली. कोण होतं तिथं?”

“दिसत नाही. चौकटीच्या बाहेर आहे.”

“दिसलं तर मला कळवा. एकटी नको हो.”

हिवाळ्यात ओदीलने नवा चित्रपट घेतला. हिशेबी चोरांची एक हलकीफुलकी गोष्ट होती, आणि तिचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला होता. मिरेयचा चित्रपट कधीच डब्यांतून गावोगाव गेला होता. त्याची एक फूट फिल्मही आता खोलीत नव्हती. त्या सकाळी कोवळं ऊन टोपलीवर पडलं होतं आणि गिलेन पाव आणायला खाली गेली होती. चोरांच्या तुकड्यांमध्ये एक अनोळखी पट्टी लोंबत होती. ओदीलने ती खिडकीशी धरली.

मिरेय साठीची दिसत होती. केस सगळे पांढरे, डोळे उन्हाने बारीक झालेले, मागे कुठलासा समुद्र. चौकटीच्या कडेने एक हात आत आला होता, सुरकुतलेला, सवयीचा, आणि वाऱ्याने सुटलेला तिचा रुमाल नीट करत होता.

द्येपला म्हातारीला फोन लावायचा होता, पण ओदील आधी टोपलीकडे वळली. पट्टी तिने होती तिथेच टांगली, मग चोरांचे तुकडे एका बाजूला सारले आणि शेजारचा खिळा पुढच्या पट्टीसाठी रिकामा करून ठेवला.