कुमुदिनीबाईंच्या भिंतीवरचा टायर

मित्रांनो, दिल्लीच्या द्वारका वसाहतीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागच्या भिंतीवर दोन लोखंडी आकड्यांना टांगलेला जो टकला टायर दिसतो ना, तो मी. टकला म्हणवून घ्यायला मला लाज नाही. अंगावरची नक्षी रस्त्यांनी पुसली, आळसाने नव्हे.

केरळातल्या रबराच्या चिकातून माझा जन्म झाला. साच्यात शिजून बाहेर पडलो आणि एका टेम्पोच्या चाकावर चढलो. तो टेम्पो पानिपतहून दिल्लीला चादरी आणि कांबळी आणायचा. खड्डा आला की आधी मी तो पोटात घ्यायचो, मग वर कांबळ्यांना त्याची खबर लागायची. चालक रोज सकाळी गाडीला नमस्कार करायचा आणि मला लाथ मारून हवा बघायचा. कौतुकाची हीच पद्धत असावी, असं मी धरून चाललो. पुढे झिजलो आणि पालमच्या एका पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर पावसाचं पाणी साठवत पडून राहिलो.

तिथून मला कुमुदिनीबाईंनी उचललं. त्या काळात द्वारका नवीकोरी होती. नळाला पाणी नव्हतं, पण दारात गाडी होती. ज्यांच्या वडिलांनी जन्मभर सायकल मारली, ती माणसं आता सहकुटुंब गाडी शिकत होती. कुमुदिनीबाई पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीमागे दिल्लीला आलेल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी लायसन काढलं, आणि गाडीच्या आधी भिंतीची सोय केली.

मला टांगताना गार्ड हसला. "मॅडमजी, दीवार को चप्पल पहना दी?"

"हाँ भैया. मैं रोज़ ठोकूँगी, उसको लगनी नहीं चाहिए."

त्यांचे यजमान पद्माकरराव खाली येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "कुमुद, अगं नवी सोसायटी आहे. हे बघून लोक हवा भरायला येतील."

"येऊ देत. मी चहा पाजीन."

मित्रांनो, भिंतीवर टांगल्यापासून मी माणसं ओळखायला शिकलो. शेजारच्या जागेत उलटे येणारे काही जण एवढ्या जोरात येतात, जणू भिंतीनेच सरकायला हवं. काही जण एवढे हळू येतात, की मागच्याचा हॉर्न थकतो. कुमुदिनीबाई मात्र यायच्या, मला धडकायच्या, खाली उतरून "सॉरी हं" म्हणायच्या, आणि पुन्हा यायच्या. इतका मान मला टेम्पोवर कधी मिळाला नव्हता.

धडकूनही त्यांच्या बंपरवर ओरखडा नसे, याचं गुपित सांगतो. येणारी गाडी थांबणार हे ठरलेलंच असतं. भिंत तिला एका क्षणात थांबवते, म्हणून सगळा मार एकदम बसतो. मी आधी दबतो, आणखी दबतो, मग थांबवतो. मार तेवढाच, पण तो जास्त वेळात वाटला जातो, म्हणून कुणाचं काही मोडत नाही. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे, थोडा वेळ.

पुढे कुमुदिनीबाईंना गुडगावच्या एका नव्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. मुलं लहान म्हणून सोडलेली शाळा इतक्या वर्षांनी परत मिळत होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि तिकडे धड बस जात नव्हती. पद्माकररावांनी अट घातली, "रविवारी माझ्यासमोर गाडी लावून दाखव. एक ओरखडा आला, तर किल्ली कपाटात आणि नोकरीला नमस्कार."

रविवारी परीक्षा झाली. भीतीपोटी बाई माझ्यापासून चांगल्याच लांब थांबल्या.

"मागे बैलगाडी मावेल एवढी जागा सोडलीस," पद्माकरराव म्हणाले. "चल, बाहेर काढ. पुन्हा लाव."

पण वाटेत हरिदासजींची नवी गाडी आडवी उभी होती. हरिदासजी पहिल्या मजल्यावरचे, गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून न काढलेले. दिल्लीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ती न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता सोडली होती. ज्याला अडचण होईल त्याने ढकलावी.

पद्माकररावांनी ती मागून ढकलली. गाडी आधी हलेना. मग ते ढकलत राहिले, तशी ती थोडा थोडा वेग घेत गेली. तिची पुढची चाकं वळलेली होती. तिने तोंड फिरवलं आणि फाटकापासून माझ्या भिंतीकडे येणाऱ्या उताराला लागली. आपण ढकलली ती आपणच थांबवू, या हिशेबाने पद्माकरराव धावत पुढे गेले आणि बॉनेटला दोन्ही हात लावून उभे राहिले. पण इतका वेळ घातलेला सगळा जोर आता गाडीत होता, वर उताराची भर. त्यांच्या चपला मागे घसरू लागल्या. पाठीमागे कुमुदिनीबाईंची गाडी होती, बाई अजून आतच बसलेल्या.

"अहो, सोडा ती! बाजूला व्हा!"

ते काही सोडेनात. नवऱ्याला चेपायला दोन गाड्यांमधलं अंतर पुरेसं कमी झालं होतं.

बाईंनी रिव्हर्स टाकला आणि गाडी मागे घेतली, थेट माझ्या दिशेने. समोर जागा झाली. तेवढ्या जागेतून पद्माकरराव अडखळत बाजूला झाले आणि कडेच्या कुंड्यांमध्ये आडवे पडले. हरिदासजींची गाडी बाईंच्या गाडीला गाठून भिडली, पण पळत्याला पळत्याने गाठावं तशी, हलकीच. बाईंनी ब्रेकवर पाय दिला नाही. दोन्ही गाड्या मिळून माझ्यावर आल्या. मी भिंतीला टेकलो, पुरता चपटा झालो, आणि मग हळूच त्यांना परत लोटलं.

काय बाई आहे! कांबळ्यांच्या टेम्पोवर इतके चालक पाहिले, पण धक्का घेण्यासाठी मागे सरणारी ही पहिलीच.

हरिदासजी बनियनवर खाली धावले. "भाभीजी, मेरी नई गाड़ी!"

"न्यूट्रल में किसने छोड़ी थी?"

"सब छोड़ते हैं जी..." त्यांचा आवाज उताराला लागला.

पद्माकरराव कुंड्यांतून उठले. गुडघा फुटला होता, तरी सवयीने त्यांनी बाईंच्या गाडीच्या बंपरवरून बोट फिरवलं. बोट एका ठिकाणी थांबलं.

"आला ना ओरखडा?" बाईंनी किल्ली पुढे केली. "घ्या. ठेवा कपाटात."

पद्माकररावांनी गुडघ्यावरची माती झटकली. "हा तुझा नाही, कुमुद. हा माझा आहे."

सोमवारी सकाळी गाडी निघाली. वाट दाखवायला म्हणून पद्माकरराव शेजारी बसले होते. फाटकाशी बाईंचा आवाज ऐकू आला, "अहो, तुमच्या बाजूला ब्रेक नसतो. पाय कशाला दाबताय?"

मित्रांनो, गाडी सोडताना हँडब्रेक ओढा, आणि घरंगळणाऱ्या गाडीपुढे कधी उभे राहू नका. गाडी पुन्हा मिळते. आणि तुमच्या घरात कुणी, कोणत्याही वयात, काही शिकत असेल, तर त्याच्या मागे भिंतीसारखे ताठ उभे राहू नका. थोडं दबून घ्या. मी घेतो, मला अजून काही झालेलं नाही.