पाठीवरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना निळा पंप आहे. दमा असलेल्या एका सुतारकाकांच्या एप्रनच्या खिशात माझं आयुष्य गेलं. माझ्या पाठीवरच्या छोट्या खिडकीत उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. मी नवा होतो तेव्हा तो दोनशे होता. माझ्याआधीचे चौघे वीस-वीस दिवसांत रिकामे होऊन कचऱ्यात गेले होते.

काका ओठांत खिळे धरून काम करत. करवत हाती घेण्याआधी खिळे काढायचे, माझे दोन फवारे ओढायचे, की खिळे परत ओठांत. दम लागलेला नसला तरीही. मग ते मला प्रेमाने थोपटत आणि मी फुगून जाई. माझा तपकिरी भाऊ मात्र पटाशीशेजारी धूळ खात पडला होता. तो रोज घ्यायचा होता, पण त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणून काकांच्या लेखी तो बिनकामाचा.

आठ दिवसांत मी एकशेवीसवर आलो आणि काकांचा दम वाढतच गेला. वाचनालयासाठी त्यांनी गोल जिना घडवला होता. तो बसवताना सातव्याच पायरीवर ते मटकन बसले. आता हे काम दुसऱ्याच्या हाती जाणार, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या लेकीने माझी पाठ पाहिली.

"बाबा, आपले खिळेसुद्धा इतक्या भराभर संपत नाहीत."

तिने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सूज आत श्वासनळ्यांत आहे, काका. नुसता निळा पंप म्हणजे वाळवी लागलेल्या फळीवर पॉलिश. तपकिरी ती सूज उतरवतो, तो रोज घ्या. निळा दम लागेल तेव्हाच."

काका ओशाळले. वाळवीवर पॉलिश मारणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून तपकिरी भाऊ दात घासण्याच्या ब्रशशेजारी उभा राहिला. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण दोन महिन्यांनी काका खांद्यावर कठडा घेऊन त्याच जिन्याच्या एक्केचाळीस पायऱ्या चढले. मी लेकीच्या हातात होतो; तिने खालून माझा आकडा वाचला.

"एकशेबारा. महिनाभर हललाच नाही, बाबा."

"मग खिळे दे वर," काका म्हणाले.

मित्रांनो, मला जवळच ठेवा. दम लागला की मी हजर आहे. पण माझा आकडा भराभर उतरू लागला, तर माझं कौतुक करू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांना गाठा.

उद्या माझी मुदत संपते. पाठीवर अजून एकशेसात आहेत. इतका भरलेला राहून म्हातारा झालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.