टोपीखालचा भोंगा

मित्रांनो, या, अगदी जवळ या. किल्ल्या, घड्याळं, पट्ट्यांची बक्कलं, सगळं अंगावर राहू द्या. आता मी कुणाचं काही ओढून घेत नाही. मी एक जुना चुंबक आहे, प्रयोगशाळेच्या बोळात कोपऱ्याला उभा करून ठेवलेला. उंचीला तुमच्या दुप्पट, पण साधी टाचणीसुद्धा मला चिकटत नाही. असं का झालं ते सांगतो. मन घट्ट करून ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. बारीक तारेचे हजारो वेढे देऊन माझी गुंडाळी केली आणि ती द्रव हेलियमच्या भांड्यात बुडवली. त्याच्याभोवती द्रव नायट्रोजनचं दुसरं भांडं. मग तारेत एकदाच वीज सोडली आणि जोडणी काढून घेतली. तेवढ्या थंडीत विजेला अडवणारं काही उरत नाही, म्हणून ती एकोणीस वर्षं माझ्यात फिरत राहिली. अट एकच होती. थंडी सुटली की मी संपलो. आणि माझ्यासारखा चुंबक संपतो तेव्हा एकटा संपेलच असं नाही.

माझं काम तसं मजेचं. पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीत काहीतरी घालून ती माझ्या पोटात सोडत. आतल्या अणूंची केंद्रकं माझ्या धाकाने सरळ होत, रेडिओलहरींचा टोला बसला की आपापल्या सुरात गुणगुणत. त्यांचा आलेख पडद्यावर उमटला की नळीत काय आहे ते कळे. एनएमआर म्हणतात ते हेच. एकदा मुलांच्या औषधात मिसळलेलं भलतंच द्रव्य मी पकडून दिलं, तेव्हा मोठे साहेब माझं कौतुक करायला आले. वाकून बघायला गेले आणि त्यांचा चष्माच माझ्याकडे उडाला! हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

माझी देखभाल एक तंत्रज्ञ करायचा. त्याची भाची तिथेच संशोधक होती. ती त्याला मामा म्हणे, म्हणून तो सगळ्यांचाच मामा झाला. दर मंगळवारी खिसे रिकामे करून तो आत येई आणि विचारी, "काय आजोबा, तहान लागली ना?" मग दाराला स्टूल लावून ते उघडं ठेवी आणि मला नायट्रोजन पाजी.

दाराजवळच्या भिंतीवर एक भोंगा होता. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की तो बोंब ठोके. नायट्रोजन भरताना वाफा सुटत, त्यामुळे दर मंगळवारी त्याचा आरडाओरडा ठरलेला. वरच्या मजल्यावरून हाका येत, "अहो, बंद करा ते! कान किटले आमचे!" मामाने यावर तोडगा काढला. भरायला लागला की स्वतःची लोकरीची कानटोपी त्या भोंग्यावर घट्ट ओढून बसवायची. चूकच होती ती. पण दार उघडं असे, आणि घरी निघताना डोक्याला गार लागलं की टोपीची आठवण हमखास होई. इतक्या वर्षांत ती एकदाही मागे राहिली नाही.

मामा निवृत्त झाला तेव्हा माझं काम भाचीकडे आलं. तिच्या हातात टोपी देत तो म्हणाला, "ही ठेव गं. मंगळवारी लागते." बाकी सगळं त्याने शिकवलं होतं. पण टोपी डोक्यावर घालूनच घरी जायचं, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. तिने ती भोंग्याखालच्या खिळ्याला अडकवली.

एव्हाना मी म्हातारा झालो होतो. मानेपाशी रबराचं एक कडं होतं, त्याला चिरा पडल्या. हेलियम भराभर उडू लागलं. तिने आकडा पाहिला आणि फळ्यावर लिहिलं, 'पुढच्या सोमवारी हेलियम भरणे.' तिच्याकडे मूत्रपिंडाच्या आजाराच्या मुलांचे दोनशे नमुने होते. रोगाची चाहूल आधीच लागते का, ते ती शोधत होती. एकेका नळीमागे एकेक मूल. ती तरी मधेच काम कसं थांबवणार?

त्या मंगळवारी तिने मला नायट्रोजन पाजला आणि भोंग्यावर टोपी चढवली. भरून होतंय तोच फोन आला: नमुन्यांचा फ्रीझर बंद पडला होता. दार लावून ती धावली. टोपी तिथेच राहिली.

बुधवार गेला. मी त्या टोपीकडे बघत होतो. मला तोंड असतं तर! माझे आलेख थरथरू लागले, तर तिला वाटलं नमुनेच खराब आहेत.

गुरुवारी दुपारी कडं फाटलं. हेलियमला वास नाही, रंग नाही. ते हलकं, म्हणून आधी छताशी साचतं आणि मग खाली उतरत येतं. जीव गुदमरत नाही, नुसती गुंगी येते. नळी माझ्या पोटात वरूनच सोडावी लागते, त्यामुळे ती शिडीवर चढलेली होती, डोकं छताजवळ. टोपीखाली भोंगा कण्हत होता आणि पंपांच्या घरघरीत ते कण्हणं विरून जात होतं. तिने नळी धरली. एकदा जांभई दिली. मग तिचा हात सुटला.

नऊ मिनिटं ती खाली पडून होती. मी मोजली.

दर गुरुवारी मामा तिच्याबरोबर चहा प्यायला येत असे. दाराच्या काचेतून त्याला टोपी दिसली. "अगं, आज मंगळवार नाही!" असं ओरडतच त्याने दार सताड उघडलं आणि तो रांगत आत आला. थोडीफार हवा उरलीच तर ती जमिनीलगत, हे तो विसरला नव्हता. तिला ओढत त्याने बाहेर काढलं. ती दोघं जिन्यापाशी पोचली असतील नसतील, तोच माझी थंडी सुटली. उरलंसुरलं हेलियम एका दमात उकळलं, मी गर्जलो आणि संपलो.

दवाखान्यात तिला माझ्या थोरल्या भावाच्या पोटात निजवलं. एमआरआय तो. मी नळ्या वाचायचो, तो माणसं वाचतो. तिच्या मेंदूचं चित्र त्याने काढलं, आणि त्यात माझी नऊ मिनिटं स्पष्ट उमटली होती. ती जगली, बोलते, हसते. महिन्याभराने मामा तिला इथे घेऊन आला. भिंतीवर तिनेच लावलेल्या आलेखाकडे बघून तिने विचारलं, "मामा, हे काय आहे रे?" मामाने टोपी खिशात कोंबली आणि भिंतीकडे तोंड करून तो रडला.

मित्रांनो, माझ्या खोलीत आता नवा चुंबक आहे, आणि त्याला पाजणारा माणूसही नवा आहे. आज मंगळवार. ऐकू येतोय ना भोंगा? वरून हाकाही सुरू झाल्या. दाराच्या फटीतून मला तो माणूस दिसतोय. त्याने खिशातून रुमाल काढला आहे आणि भोंग्याला तो पुरेल का ते बघतो आहे.

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. इथे उभे राहू नका. जा, त्याला सांगा.