चौदा तासांचं अंतर

ठमी परदेशात, दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. भावजींचा फोन आला तेव्हा कुणाची तरी खालची कवळी घासायला घेतली होती. "ताई डोळे उघडत नाहीये. निघ तू," एवढंच ते बोलले. अर्धवट घासलेली कवळी टेबलावर तशीच टाकून ती निघाली.

दोन विमानतळांमध्ये बारा हजार किलोमीटर, चौदा तास. हे अंतर दोघी बहिणींमध्ये कुसळासारखं सलत होतं. आई गेली तेव्हा ठमी वेळेवर पोचली नव्हती, आणि ताई चारचौघांत म्हणाली होती, "विमानात नुसतं बसायचं तर असतं! तेवढ्यालाही पाय जड झाले हिचे." तेव्हापासून बोलणं होतं, पण तोंडदेखलं. ताई स्वतः कधी विमानात चढली नव्हती. स्टुलावर उभी राहिली तरी तिला गरगरायचं.

शेजारची खिडकीची सीट रिकामी होती. समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान निळ्या समुद्रावर डकवल्यासारखं दिसत होतं, हलेल तर शपथ. भर दुपारी लोक पेंगत होते. ठमीचाही डोळा लागला.

जाग आली ती गारठ्यानं. रिकाम्या सीटवर ताई बसली होती. अंगात हॉस्पिटलचा झगा, हाताला सलाईनची पट्टी, कपाळ काचेला टेकलेलं.

"केवढं पाणी गं हे," ताई म्हणाली. "संपतच नाही. मला वाटायचं, तू मुद्दाम उशीर करतेस."

"ताई, तू इथं कशी?"

"तुला आणायला आले. आता परत कसं जायचं, ते कळत नाहीये."

ठमीनं हात पुढे केला. हाताला लागली ती नुसती सीट. गार.

विमानतळावर भावजी हसतमुखानं उभे होते. "अगं, शुद्धीवर आली! डॉक्टरसुद्धा चाट पडले. फक्त कान बंद झालेत म्हणते सारखी, आणि पाय सुजलेत."

विमानात बसून ठमीच्याही कानांना असेच दडे बसले होते.

हॉस्पिटलात ताई छताकडे बघत पडली होती. ठमीला पाहून हसली नाही की रडली नाही. तिचा हात घट्ट धरून हळूच म्हणाली, "उतरलो का गं?"

का कोण जाणे, ठमीची जीभ 'हो' म्हणायला रेटेना. "अजून नाही, ताई. बसून राहा."

"बरं."

दोन दिवस हेच चाललं. ताई विचारायची, ठमी नाही म्हणायची. मधल्या वेळात आईच्या आठवणी निघाल्या. "तेव्हा फार टाकून बोलले तुला," ताई म्हणाली आणि दोघी हमसून रडल्या. मग ताईनं चार घास खाल्ले. भावजींच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठमी तोंड धुवायला गेली. परत येते तो खोलीतून ताईचा प्रश्न कानावर आला, आणि पाठोपाठ भावजींचा आवाज. बिचारे थर्मासमधून चहा ओतत होते, खुशीत होते.

"हो हो, उतरलो की! कधीच उतरलो!"

ठमी धावली. ताईची मूठ उघडी पडली होती, चेहरा सैलावला होता. भावजी कप पुढे करून म्हणत होते, "अगं घे ना, निवतोय."

त्यांना ठमीनं यातलं काहीएक कधी सांगितलं नाही.