हाराखालची फाटकी नळी

मित्रांनो, मी एका जुन्या दुनळी बंदुकीची डावी नळी आहे. उजवी माझी जुळी बहीण. ती फाटली त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी आम्ही अजून एकमेकींना चिकटून आहोत. मंद्रूपजवळच्या मळ्यात दर खंडेनवमीला आम्हाला पाटावर ठेवतात, पाणी शिंपडतात, हळदकुंकू वाहतात आणि झेंडूचा हार नेमका तिच्या फाटक्या जागेवर घालतात. आत डोकावून कुणी बघत नाही. तेवढी अक्कल या घरात कुठली!

लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वेणीसारख्या पिळून, तापवून, ठोकून आम्हाला घडवलं, ते काळ्या दारूसाठी. ती भसकन पेटायची आणि तिचा सारा जोर काडतुसापाशीच सरायचा. तिथे आमची भिंत जाड. पुढे पातळ, पण पुढे एवढा जोर पोचायचाच नाही.

मग बिनधुराची नवी दारू आली. ती थोडीशीच पुरते आणि तिचा रेटा नळीत पुढपर्यंत टिकतो. डब्यावर तसं छापलं होतं. पण वाचतील तर आमचे मालक महिपती पाटील कसले? "माप ते माप," म्हणाले, आणि काळ्या दारूच्याच मापानं काडतूस काठोकाठ भरलं. आमच्या पोटात आधीच जुन्या काजळीनं गंजाचे खड्डे पाडलेले. बार काढला. बहीण पातळ जागी फाटली, आणि खाली धरलेल्या मालकांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

गावात काय सांगितलं, तर बिबट्यानं नेली. गावानं त्यांची मिरवणूक काढली. बिबट्या बिचारा कधी या शिवारात फिरकलाही नव्हता.

यंदा त्यांचा पणतू शिवराज जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधून आला, बिनधुराच्या दारूची नवीकोरी काडतुसं घेऊन. एक त्यानं माझ्यात सारलंसुद्धा.

"एक नळी चांगली हाय की. पणजोबांची बंदूक हाय, एक बार काढतो. ऋतुजा, तू व्हिडिओ घे."

त्याचा डावा हात माझ्याखाली आला. त्याच हाताचं बोट धरून त्याची लेक आत्ताच मळाभर फिरली होती. मला ओरडता येत असतं तर!

व्हिडिओत झेंडू आड येतो म्हणून त्याच्या बायकोनं, ऋतुजानं, हार काढला. मग ती थांबली.

"अहो, बोटं बिबट्यानं नेली ना? मग ही नळी कुणी फाडली?"

"त्यानंच. पंजा मारला असंल."

"आतून? कडा बाहेर वळल्यात बघा. बिबट्या नळीत बसला होता व्हय?"

शिवराजची आई बजाबाई निरांजन लावत होती. तिला हसू आवरेना.

"ठेव रं ती खाली. बिबट्या-बिबट्या काय न्हवता. म्हाताऱ्यानं दारू जास्त भरली हुती. सासूबाईंनी सांगितलंय मला."

"मग आजवर बोलली का न्हाईस, आई?"

"तुमच्या घराण्याला बिबट्या लई आवडतोय की."

शिवराजनं काडतूस काढलं. मग लेकीला उचलून घेतलं, डाव्याच हातावर.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसते नमस्कार घालू नका. ती कशासाठी घडली ते विचारा, तिच्या आत काय सडलंय ते बघा, आणि तिच्या अंगात नसलेलं बळ तिच्याकडून मागू नका. आणि पुढच्या नवमीला हार घालायचाच असेल, तर मला घाला. बहिणीचं फाटलेलं अंग लेकरांना दिसू द्या.