चार बोटांचं अंतर

अठरा वर्षं ती रक्ततपासणीच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसत होती. मान दुखायची, पण ती कुणाला सांगत नसे. मलम चोळायचं आणि पुन्हा वाकायचं. सगळ्यांचं तसंच चाललं होतं.

त्या सोमवारी मात्र उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि काचपट्टी निसटून फुटली. आठ दिवसांच्या बाळाचं रक्त होतं ते. बाळाला पुन्हा सुई टोचावी लागली. त्याचं रडणं तिला आतल्या खोलीत ऐकू आलं. हात कायमचा गेला तर? उद्या पेशींची मोजणीच चुकली तर? घरी भाजी चिरतानाही ती बोटं उघडमीट करून बघत होती.

"डॉक्टरांना दाखव ना," नवरा म्हणाला.

"आणि त्यांनी काम बंद करा म्हटलं तर?"

चार दिवस तिने तसेच रेटले. शेवटी नवराच तिला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, मानेतली नस थोडी दबली होती, वेळेवर आलात म्हणाले, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं.

या बाई वयस्कर, बोलायला रोखठोक. त्यांनी तिला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं. डोकं काही भिंतीला लागेना. मध्ये चार बोटं सहज मावली.

"मान धडाच्या पुढे निघालीय तुमची. हनुवटी सरळ मागे घ्या, खाली झुकवू नका. पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखलं तर थांबायचं."

"कामात वेळ कुठे मिळतो, बाई?"

"काचपट्टी फुटली म्हणालात, मग मिळालाच ना वेळ? दुखणं लपवण्यात कसलं शौर्य? तुमच्या हातावर रोग्यांचा भरवसा आहे."



दुसऱ्या दिवशी तिने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, सर्वांसमोर. आता बोलणी बसणार असं तिला वाटलं.  मग सर्वांत जुने सहकारी हळूच म्हणाले, "माझी करंगळी दोन वर्षं बधिर आहे."

प्रमुख स्वतःची मान चोळत होते!

त्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शक उंच करून मान सरळ राहावी म्हणून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे आले. दर अर्ध्या तासाने सगळे भिंतीला टेकून उभे राहू लागले. आधी एकमेकांना बघून हसले, मग सवय झाली. तिच्या मुंग्या जायला तीन महिने लागले. मान अजूनही कधीकधी आखडते, पण आता ती ते बोलून दाखवते.

मंडळी, आपण मान खाली घालून काम करतो आणि दुखणं गिळतो, त्यालाच कष्टाळूपणा समजतो. तो कष्टाळूपणा नव्हे, ती हेळसांड आहे. शरीर कुरकुरलं की ऐका, आणि शेजारच्यालाही विचारा. कदाचित तोही कुणी विचारण्याचीच वाट बघत असेल.